मळक्या चड्डीची गल्ली

मी फोनवर काय बोलले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला भली बाई समजायला नको. मी म्हटलं होतं, "एक तर ती पाटी नीट ठोका, नाहीतर त्या गल्लीचं नावच बदलून टाका आणि मला मोकळं करा." मंगळवारची सकाळ होती. नगरपालिकेच्या फोनवर बावीस मिनिटं मी कसलंसं पिपाणीचं संगीत ऐकत ताटकळले होते आणि हातातला चहा गारढोण झाला होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, नोंद करून घेतली आहे हं. मी फोन आपटला, नवा चहा टाकला आणि विसरून गेले.

आमच्या गल्लीचं नाव मळक्या चड्डीची गल्ली. थट्टा नाही, पाटीवर तसंच लिहिलेलं असायचं. नाव तीनशे वर्षांचं. कुणी म्हणतं इथे चामडं कमावणारे राहायचे, कुणी म्हणतं एक सरदार घोड्यावरून चिखलात पडला होता, आणि वाचनालयातला माणूस तिसरंच काहीतरी सांगतो. आम्ही कधी खोलात गेलो नाही. इंग्लंडच्या या उत्तरेकडच्या भागात, यॉर्कशायरमध्ये, अशा नावांना तोटा नाही. तिकडे हल शहरात एका रस्त्याचं नाव हिरव्या आल्याचा मुलूख असं आहे आणि लोक तिथून गंभीर चेहऱ्याने ये-जा करतात. यॉर्कमध्ये तर पावलाएवढ्या रस्त्याला हातभर नाव आहे. मग आमच्या स्केल्थॉर्पसारख्या गावाने मागे का राहावं?

पण त्या नावापायी जे सोसावं लागतं ते राहणाऱ्यालाच ठाऊक. विमावाला फोनवर हसतो. कपाट पोचवणारा हसतो. उन्हाळ्यात परगावचे लोक येतात आणि पाटीखाली पाठमोरे उभे राहून, विजार खाली करून फोटो काढतात. माझ्या खिडकीसमोर, कारण माझं घर पहिलं. आणि कॉलेजची पोरं येऊन पाटीच उचकटून नेतात, खोलीत लावायला. दोन वर्षांत पाच पाट्या गेल्या. माझा नवरा डेरेक अकरा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात कोसळला, तेव्हा रुग्णवाहिकेच्या फोनवर मला हे नाव तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना मी किंचाळत होते. गाडी वेळेत आली होती, तेव्हा त्याच्या जाण्याचा दोष मी नावाला देत नाही. पण त्या दिवसापासून ते नाव तोंडात आलं की माझं डोकं फिरतं, हे खरं.

आता क्लिफचं सांगते. क्लिफ ओल्डरॉइड आणि नोरीन, घर क्रमांक पाच, हिरवं दार. तो त्र्याऐंशीचा, ती एक्याऐंशीची. क्लिफ गिलावा करणारा कारागीर. स्केल्थॉर्पमधल्या अर्ध्या भिंतींवरून त्याचा हात फिरलेला आहे, माझ्या बैठकीच्या खोलीवरूनही. साठ वर्षं तो एकच विनोद सांगत आला. कुणी विचारलं कुठे राहता, की म्हणायचा, "मळक्या चड्डीत. लग्न झाल्यापासून. बायकोही तिथेच असते." समोरचा हसला की क्लिफ त्याच्याहून जास्त हसायचा, आणि नोरीन म्हणायची, पुरे रे मेल्या. हा विनोद मी निदान हजारदा ऐकला असेल, आणि तरी प्रत्येक वेळी हसायला यायचं ते त्याच्या तोंडाकडे बघून.

चार वर्षांपूर्वी त्याची आठवण झिजायला लागली. आधी किल्ल्या, मग माणसं, मग जेवलो की नाही ते. कॅनडातल्या मुलीचं नाव गेलं. राणी वारली हे त्याला दर आठवड्याला नव्याने कळायचं आणि दर आठवड्याला तो टोपी काढायचा. पण गल्लीचं नाव गेलं नाही. रोज सकाळी दहाला तो टोपी घालून बाजारात जायचा, वर्तमानपत्र आणि एक डुकराच्या मांसाचं पॅटिस घ्यायचा, आणि दुकानातून बाहेर पडला की त्याला दिशा कळायची नाही. मग तो दिसेल त्याला थांबवायचा आणि म्हणायचा, मी मळक्या चड्डीत राहतो, रस्ता कुठला? माणूस हसायचा. हसला की थांबायचा, थांबला की बोलायचा, आणि बोलला की शंभरातले नव्याण्णव त्याला कोपऱ्यापर्यंत आणून सोडायचे. कधी खाटकाकडची मुलगी, कधी पोस्टमन, कधी कुणी परका. कोपऱ्यावर क्लिफ पाटीसमोर उभा राहायचा, मोठ्याने वाचायचा, खांबाला हात लावायचा आणि मग दारं मोजत हिरव्या दाराशी यायचा. पोरांनी पाटी पळवलेली असली की नोरीन पुठ्ठ्यावर नाव लिहून खांबाला बांधायची आणि नवी येईपर्यंत कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसायची. "पोचलो गं," तो दारातून ओरडायचा. मला माझ्या घरात ऐकू यायचं.

त्या वेड्या नावाने त्याला शहाणं ठेवलं होतं. हे मी आज म्हणते. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

म्हाताऱ्या माणसांची चौकशी करायला नगरपालिकेकडून एक मिसेस पेटिफर यायच्या. बाई वाईट नव्हती. तिने वसंतातच नोरीनला स्पष्ट सांगितलं होतं: हे आपले आपण घरी परत येतात तोवर मी काही बोलणार नाही, पण ज्या दिवशी येणार नाहीत त्या दिवशी मला त्यांची सोय समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात करावी लागेल. आश्रम वीस मैलांवर. दोन बस बदलायच्या. नोरीनचे दोन्ही खुबे गेलेले, तिला माझ्या दारापर्यंत यायला काठी लागते. एकदा क्लिफ तिकडे गेला की आठवड्यातून एकदा तरी त्याचं तोंड दिसेल की नाही याची तिला खात्री नव्हती. ती मला म्हणाली होती, "तो रोज परत येतोय, थेल्मा, एवढंच मला पुरे आहे."

माझ्या फोनला तीन आठवडे झाले असतील, आणि सातही घरांत पत्रं आली. रहिवाशांच्या विनंतीवरून गल्लीचं नाव बदलून 'मेडो व्ह्यू' करण्याचा प्रस्ताव आहे. हरकत असेल तर अठ्ठावीस दिवसांत सोबतच्या कागदावर लिहून कळवा, न कळवल्यास तुमची संमती आहे असं समजू. मेडो व्ह्यू, म्हणजे कुरणाचं दर्शन. आमच्या गल्लीतून दिसतं टायरचं गोदाम. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

पत्रातला 'रहिवाशांच्या' हा शब्द मी दोनदा वाचला आणि मला वाटलं, बघा, सगळ्यांनाच नको झालंय. मला वाटलं तीन नंबरमधलं तरुण जोडपं, गॅरेथ आणि पिपा, त्यांचं हे काम असणार. शिकलेली माणसं, त्यांना लाज वाटत असणार. माझा फोन? तो तर मी रागात केला होता, रागातलं कोण लिहून घेतं?

आणि खरं सांगू, पत्र वाचून मला बरं वाटलं नाही.  नावाला मी अकरा वर्षं शिव्या दिल्या होत्या, पण डेरेक त्याच नावाच्या गल्लीत मला लग्न करून घेऊन आला होता, आणि त्या वेळी आम्ही दोघं पाटीखाली उभं राहून पोट दुखेस्तोवर हसलो होतो. अकराव्या दिवशी मी हरकतीचा कागद पुढ्यात घेतला. मग मनात आलं, क्लिफच्या त्या विनोदापायी हसं तर नोरीनचंच होत आलंय. मी पेन ठेवलं आणि म्हटलं, आधी नोरीनला विचारावं, तिचं काय म्हणणं आहे.

आता आमच्याकडची रीत अशी, की माणूस विचारायला जातो आणि विचारत नाही. कुणाला अडचण होईल असं बोलायचं नाही, कुणाच्या आड यायचं नाही, हे आम्हाला दुधाबरोबर पाजतात. मी गेले. आम्ही तिच्या दारात उभ्या राहून पावसाबद्दल बोललो, गल्लीतल्या मिस थ्रॉसलच्या मांजराबद्दल बोललो, बिस्किटं किती लहान व्हायला लागली आहेत त्याबद्दल बोललो. शेवटी तिनेच विषय काढला.

"पत्र आलं ना तुला?"

"आलं."

"नाव बरं आहे नवीन."

"बरं आहे," मी म्हटलं. "नीटनेटकं आहे."

"हो ना," ती म्हणाली. "नीटनेटकं आहे."

आणि मी घरी आले. म्हटलं, तिलाही हवंय. तिनेच त्या नावापायी साठ वर्षं थट्टा सोसली, तिला आता सुटका हवी असेल, मी कोण आड येणार? कागद मी ब्रेडच्या डब्याखाली सरकवला.

अठ्ठावीस दिवस गेले. सात घरांतून एकही हरकत गेली नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी अकराच्या सुमारास पालिकेचा माणूस शिडी घेऊन आला. आम्ही सगळे आपापला चहाचा कप घेऊन बाहेर आलो, मयताला उभं राहावं तसे. त्याने जुनी पाटी काढायला घेतली आणि मिस थ्रॉसल एकदम रडायला लागल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, कधी डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, त्यांनी दोन पानी हरकत लिहिली होती, ती घड्याळामागे ठेवली आहे, कारण बाकी सगळ्यांना बदल हवा असताना आपण एकटीने खोडा घालणं बरं दिसलं नसतं. पिपा म्हणाली, "पण आम्हाला कुठे हवा होता? आम्ही तर हे घर नावासाठी घेतलं." गॅरेथ म्हणाला, आम्हाला वाटलं तुम्हा जुन्या लोकांना हवाय. दोन नंबरवाल्यांनी तेच सांगितलं, सहा नंबरवाल्यांनी तेच. सात घरं, आणि एकालाही हा बदल हवा नव्हता.

मी नोरीनकडे पाहिलं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"माझा कागद तिकीट लावून तयार होता," ती म्हणाली. "खणात आहे. पण मला वाटलं तुला हवंय, थेल्मा. डेरेकच्या वेळी फोनवर ते नाव सांगताना तुझी काय दशा झाली ती मी माझ्या दारातून ऐकलीय. मी कशी तुझ्या आड येऊ?"

मी शिडीवरच्या माणसाला म्हटलं, थांब बाबा, खाली उतर, आमची सगळ्यांची हरकत आहे. तो बिचारा पंचविशीतला, कानात वाळी. तो म्हणाला, बाई, मला हुकूम आहे, मी काय करू? मुदत संपली. मग त्याने खिशातून कागद काढला आणि आम्हाला खरं वाटावं म्हणून वाचून दाखवला. नाव बदलण्याची विनंती करणारे: घर क्रमांक एक. दूरध्वनीवरून.

घर क्रमांक एक म्हणजे मी.

 मिस थ्रॉसल मांजराला हाका मारायला लागल्या, गॅरेथने कपात डोकावून पाहिलं. आमच्याकडे असंच, माणसाची लाज निघाली की सगळे दुसरीकडे बघतात. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर मी ऋणी राहिले असते. शिडीवरच्याने नवी पाटी ठोकली. नोरीन एवढंच म्हणाली की क्लिफची यायची वेळ झाली.

तो आला. खाटकाकडची मुलगी त्याच्या दंडाला धरून घेऊन आली, दोघं हसत होती, म्हणजे विनोद सांगून झाला होता. मुलगी कोपऱ्यावरून परत फिरली. क्लिफ खांबापाशी थांबला. वर पाहिलं. मोठ्याने वाचलं, "मेडो व्ह्यू." पुन्हा वाचलं. मग खांबाकडे नेलेला हात त्याने मागे घेतला.

"क्लिफ," नोरीनने हिरव्या दारातून हाक मारली. "आलास का रे?"

त्याने टोपी काढली. साठ वर्षं जिला 'अगं' म्हटलं तिला तो म्हणाला, "माफ करा हं बाई. गल्ली चुकली माझी. तुम्हाला उगाच त्रास." आणि टोपी घालून तो वळला.

मी धावले. माझं वय एकाहत्तर, धावणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. त्याला गाठलं, दंड धरला, सांगितलं की हीच ती गल्ली, फक्त पाटी बदलली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, तुम्ही फार चांगल्या आहात, पण मला वाचता येतं. मागच्या बोळातून नेऊन पाहिलं तर म्हणे, परक्याच्या घरात मागच्या दाराने कोण शिरतं, मी काय चोर आहे? शेवटी गॅरेथने त्याला मोटारीत घालून बाजाराला फेरी मारून आणली आणि हिरव्या दारासमोर उतरवलं, तेव्हा कुठे तो आत गेला. तेही दबकत, पाय पुसून.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही, पण सांगते. पालिकेत गेले. आधी फोनवर बोलले होते ते परत घ्यायला गेले, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. काचेपलीकडचा साहेब फार नम्र होता. तो म्हणाला, नाव पुन्हा बदलायला नवा अर्ज, सगळ्यांच्या सह्या, सहा महिने. मी म्हटलं, सह्या आत्ता आणते. तो म्हणाला, पण बाई, अडचण अशी की आजच्या धोरणात असलं अशोभनीय नाव कुठल्याही रस्त्याला देता येत नाही. मी म्हटलं, अहो, तीनशे वर्षं होतंच की. तो म्हणाला, होतं तोवर चालत होतं. जुनं म्हणून राहिलं असतं, नवं म्हणून देता येणार नाही. मी काउंटरवर मूठ आपटली. त्याने मला पाण्याचा पेला दिला.

मग मी स्वतः फळी रंगवली, पांढऱ्यावर काळी अक्षरं, आणि गॅरेथने ती नव्या पाटीवर बांधली. नोरीनचा पुठ्ठा त्याला चालायचा, मग माझी फळी का चालू नये? क्लिफ आला, त्याने वाचलं, आणि आमचा जीव भांड्यात पडायच्या आत त्याने हात वर करून फळी एका बोटाने उचलून खालचं मेडो व्ह्यू पाहिलं. पुठ्ठ्याखाली कधी दुसरं नाव नव्हतं. तो हसला. म्हणाला, पोरांची खोडी दिसतेय, बिचाऱ्यांनी दुसऱ्याच गल्लीला आमचं नाव लावलंय. चार दिवसांनी पालिकेने फळी काढून नेली आणि मला समज देणारं पत्र पाठवलं.

रोज कुणीतरी कोपऱ्यावर उभं राहायचं असं आम्ही ठरवलं. मी, पिपा, मिस थ्रॉसल, पाळीपाळीने. तो येताना दिसला की काहीतरी सबब काढून, गोड बोलून आत न्यायचं. दहा-बारा दिवस जमलं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी पाळी माझी होती. मी उभी होते, अकरापासून उभी होते. बारा वाजले, एक वाजला. तो आलाच नाही.

संध्याकाळी पाचला पोलिसांच्या गाडीने त्याला आणलं. बेव्हर्ली गावाच्या रस्त्यावर, सहा मैलांवर, बसथांब्यात बसला होता, मांडीवर पॅटिस तसंच कागदात. त्याने वाटेत पुष्कळांना विचारलं होतं. एका ट्रकवाल्याने थांबून फोनमध्ये नाव शोधलं होतं, चांगला माणूस असणार, पण फोन म्हणाला असं काही नाहीच. तो हसला आणि निघून गेला. पोलिसाने आम्हाला सांगितलं की हे एकच विचारत होते, ती गल्ली पाडली का हो?

मिसेस पेटिफर दुसऱ्या दिवशी आल्या. मी नोरीनबरोबर बसले होते. बाईने आवाज चढवला नाही. म्हणाली, ठरल्याप्रमाणे आता आश्रम, नाहीतर दाराला कुलूप आणि हे एकटे कधीच बाहेर पडणार नाहीत असं लिहून द्या. नोरीनने लिहून दिलं.  पेटिफर बाई गेल्यावर मी बोलले. म्हटलं, नोरीन, हे सगळं माझ्या तोंडाने केलं, तू मला काहीतरी बोल. ती चहाची किटली पुसायला लागली.

"तू मला विचारलं असतंस," ती म्हणाली, "किंवा मी तुला सांगितलं असतं. आता काय बोलायचं, थेल्मा?"

तेव्हापासून क्लिफ घरात असतो. म्हणजे त्याच्या हिशेबाने नसतो. तो पाहुणा आलेला असतो. खुर्चीच्या काठावर बसतो, टोपी गुडघ्यावर, बूट घातलेले. भिंतींवरून हात फिरवतो आणि गिलावा चांगला केलाय म्हणतो. नोरीनला 'बाई' म्हणतो, तिच्या केकची स्तुती करतो, भांडी घासू का विचारतो. इतकी वर्षं त्याने कधी कप उचलून ठेवला नव्हता. मागच्या दाराला कुलूप लागत नाही, परक्याच्या घरातून तो त्या दाराने जायचाच नाही. पुढच्या दाराला कुलूप लावलंय हे त्याला कळतं, पण दार वाजवणं, आरडाओरडा करणं त्याच्या रक्तात नाही. तो नुसता दाराकडे बघत बसतो, कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून.

परवा मी दुपारी गेले होते. नोरीन चहा करायला आत गेली. क्लिफने तिची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि माझ्याकडे झुकला.

"तुम्ही बाहेर जाणार आहात का?" तो कुजबुजला.

मी म्हटलं, जाईन की थोड्या वेळाने.

"मग एक काम कराल? इथे जवळच मळक्या चड्डीची गल्ली आहे. हसू नका, खरंच आहे." मी हसले नव्हते. "तिथे माझी बायको असते, नोरीन. तिला सांगा, मला जरा उशीर होतोय. ह्या बाई फार चांगल्या आहेत, सोडतच नाहीत, आणि त्यांचं मन मोडवत नाही मला. पण तिने काळजी करू नये. एवढा निरोप द्याल?"

मी म्हटलं, देते. मी उठले. नोरीनने येऊन पुढच्या दाराचं कुलूप काढलं, मला बाहेर सोडलं, पुन्हा लावलं. मी गल्लीत उभी राहिले. तो खिडकीतून बघत होता, मी खरंच जातेय ना ते. त्याने हात वर केला. मला कळेना कुठे जावं. कोपऱ्यापर्यंत गेले, त्या पाटीखालून वळले, मागच्या बोळातून परत आले आणि त्यांच्याच स्वयंपाकघराचं दार ढकललं.

नोरीन कपात दूध घालत होती. मी तिला निरोप सांगितला, शब्दाला शब्द, बाईंचं मन मोडवत नाही तेही. तिने दुधाचं भांडं खाली ठेवलं. 

"आणखी काही म्हणाला?"

"काळजी करू नको म्हणाला."

"त्याला सांग," ती म्हणाली, "मी वाट बघतेय. सावकाश ये म्हणावं."

मी पुन्हा बोळातून, पुन्हा कोपऱ्यावरून, पुढच्या दाराशी गेले आणि घंटी वाजवली. नोरीनने किल्लीने दार उघडलं, मला अनोळखी बाईसारखं आत घेतलं. मी क्लिफजवळ जाऊन हळूच सांगितलं. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. तो पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसला.

नोरीनने त्याच्यापुढे कप ठेवला आणि साखरेचं भांडं हातात घेतलं.

"साखर किती घेता?" तिने विचारलं.

"दोन चमचे," क्लिफ म्हणाला. "पण माझ्या बायकोला सांगू नका हं."